शनिवारचं पोटदुखणं

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी काय काम करते हे तुम्हाला ठाऊकच नाही. मुरारच्या एका हिंदी शाळेत मी समुपदेशक आहे. मुलं घाबरली, रडली, वर्गात अचानक गप्प झाली की त्यांना माझ्याकडे पाठवतात. त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं कामही माझंच. खोली म्हणजे खेळाच्या सामानाची अर्धी कोठी, पडद्यामागे कॅरमबोर्ड आणि फाटक्या जाळ्या. आई नातेवाइकांना अजून 'शाळेत शिकवते' असंच सांगते. मी दुरुस्त करत नाही.

गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी आली. दर शनिवारी शेवटच्या तासाला तिचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही, म्हणून वर्गशिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवलं. पहिले तीन शनिवार ती नुसती पेन्सिलीला टोक करत बसली. मी घाई केली नाही. टोपी बाजारातल्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर होतात. लोक डॉक्टरांना दुखणं सांगत आणि तुम्हाला बाकीचं सगळं. तुम्ही पुड्या बांधता बांधता ऐकायचात, मान वर न करता. मीही तशीच मान खाली घालून रजिस्टर भरत राहिले. चौथ्या शनिवारी ती म्हणाली, "मॅम, संडे को पापा घर पर रहते हैं." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडील आईला मारत होते. मागच्या रविवारी ही मध्ये पडली तर हिलाही लागलं. तिने बाही वर करून दंडावरचा काळानिळा डाग दाखवला आणि विचारलं, "आप किसी को बताओगे तो नहीं?" नियम मला पाठ आहे. मुलाला इजा होत असेल तर गुपित ठेवता येत नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचं असतं. पण इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलत होती. मी म्हणाले, "नहीं बताऊँगी."

सोमवारी मी प्राचार्यांना सांगितलं. बालकल्याण समितीला कळवायलाच हवं, असंही म्हणाले. ते म्हणाले, "पहले पेरेंट्स से बात कर लेते हैं. बच्ची है, बढ़ा-चढ़ाकर भी बोल सकती है." डाग मी स्वतः पाहिला आहे, असं मी सांगितलं. "तो मना कौन कर रहा है? बस पहले बात कर लेते हैं." आईवडील दोघेही आले. वडील फार अदबीने बोलले. मी मुलीकडे लक्ष दिलं म्हणून त्यांनी हात जोडून माझे आभारही मानले. आई सगळा वेळ आपल्या पदराच्या काठाकडे बघत होती. मग मुलीला बोलावलं आणि प्राचार्यांनी तिला बापासमोरच विचारलं, घर में कोई परेशानी है, बेटा? तिने नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. मोठी माणसं असंच करतात हे तिला आधीपासून माहीत असावं, इतकंच. जाताना आई क्षणभर दारात मागे राहिली. हळूच म्हणाली, "मैडम, उसके पास एक ये स्कूल ही था."

मला तिथल्या तिथे तुमचा आवाज ऐकू आला, बाबा. मी अकरा वर्षांची आहे, शाळा सुटल्यावर दवाखान्यातल्या बाकावर बसले आहे. सराफ्यामागच्या गल्लीतल्या एक बाई मनगट धरून येतात, नळावर पाय घसरला म्हणतात. महिन्यातली त्यांची ही तिसरी खेप. मी सगळ्यांसमोर विचारते, "काकू, तुम्ही नेहमी नळावरच कशा पडता?" तुम्ही पट्टी बांधता, त्या जातात, पुन्हा कधी येत नाहीत. घरी आई पोळ्या लाटते आहे, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, आवाज न चढवता म्हणता, "पट्टी बांधून घ्यायला तिला एकच जागा होती. ती तू घालवलीस."

त्या मीटिंगनंतर आठवड्याच्या आत आईवडिलांनी मुलीचा दाखला काढून नेला. मग मात्र मी कुणाला न विचारता मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांची माणसं पत्त्यावर गेली तर दाराला कुलूप. मी स्वतः जाऊन आले. शेजारीण म्हणाली, "गाँव चले गए." कोणतं गाव, ते तिला माहीत नव्हतं. महिनाभर मी हेल्पलाइनला फोन करून विचारत राहिले. मग त्यांच्याकडे दुसरी मुलं आली, माझ्याकडेही आली, आणि माझे फोन थांबले.

कितीतरी वर्षं मला वाटायचं की तुमचंच बरोबर होतं. आता तसंही वाटत नाही. तुम्ही तीनदा पट्टी बांधलीत आणि तिन्ही वेळा गप्प राहिलात. मी बोलले आणि मुलगी हातची गेली. कुठल्याही बाजूने गेलं तरी त्या घरातला रविवार चुकत नाही. आम्हाला शिकवतात की मुलाला भरवशाचं एक जरी माणूस मिळालं तरी पुष्कळ फरक पडतो. ते माणूस मी होते, चार शनिवार. अजूनही रोज जाते, खोली उघडते, कुणी आलं की समोर बसते. काही बरं होईल असं वाटून जात नाही. जायची सवय आहे म्हणून जाते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक राहिलेलं लिहून टाकते. आईवडील गेल्यावर प्राचार्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. पालकांशी सविस्तर चर्चा झाली, मुलीला घरी कोणताही त्रास नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं, आणि ते मीटिंगच्या आधीच करून ठेवलेलं होतं. माझी नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि करार पुढच्याच महिन्यात संपत होता. हेल्पलाइनवाल्यांना मी या कागदाचं बोलले नाही, घरी आईलाही नाही. मी त्यावर सही केली, बाबा. वाचून केली.