‘अंगार’च्या रेघा आणि एक फुली

ज्या दुपारी वच्छला गजभिये हिने माझ्या लेखाखाली फुली मारली, त्याच दुपारी ‘अंगार’चा कारभार आटोपला. सबब मी, देवीदास भिवाजी सोमकुवर, वय बावीस, धंदा तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिणे, बी.ए. अर्ध्यात सोडलेला, राहणार सौंसर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे. मरतो आहे तो वाचनालयाच्या फळ्यावर ‘अंगार’ नावाने लिहिणारा. त्याच्याच मिळकतीची ही वाटणी.

कलम १. स्थावर म्हणजे फळ्याची डावी बाजू. लिहिलेलं पटलं तर वाचणाऱ्याने खाली खडूची रेघ मारायची, नाही पटलं तर फुली, असा आमच्या वाचनालयाचा रिवाज. ही बाजू बहीण कुसुम हिला. तिने स्वतःच्या नावाने लिहावं. कोणी हसलं तर खडू त्याच्याच हातात द्यावा.

कलम २. माझ्या लेखांखाली रेघांची रांग लागायची आणि मी छाती फुगवून घरी जायचो. फुलीनंतर एकेकाला विचारत फिरलो. उत्तम म्हणाला, “तू माह्या कवितेले रेघ मारली होती ना, मंग म्या तुले मारली.” श्रावणकाका म्हणाले, “अक्षर झ्याक असते बेटा तुहं. वाचलं कोणं?” दादारावांना मी कट्टर सुधारक समजत होतो; त्यांना फक्त आपण येऊन गेलो एवढं दाखवायचं होतं. तेव्हा सगळ्या रेघा ज्याच्या त्याला परत. राग नाही. रस्त्यात ओळखीचा दिसला की आपण मान हलवतो, तशा त्या होत्या. त्यालाही किंमत आहेच.

कलम ३. वैर. गुणवंता न वाचता फुली मारतो. त्यापायी मी त्याची कॉलर धरली आहे, त्याची चप्पल नालीत फेकली आहे. हे वैर वारसाने कोणाकडेही जाऊ नये. माझा खडूंचा डबा त्याला द्यावा आणि सांगावं, “लिहून पाय एकदा.”

कलम ४. वच्छला, रामाजी गजभियेंची मुलगी, इथल्या शाळेत शिकवते आणि घरी जायला लोधीखेड्याच्या बसची वाट पाहत वाचनालयात बसते. तिने वाचावं म्हणूनच अंगार पेटला होता. कॉलेज सोडून नागपूरहून आलो तेही त्याचसाठी. बाबांना हे आज कळेल. त्या दिवशी मी हुंड्याविरुद्ध लिहिलं होतं. फुली पाहून डोकं फिरलं. बसस्टँडवर गाठून विचारलं, “काऊन मारली फुली? तुम्हाले हुंडा पाहिजे काय?”

ती चिडली नाही. “तुम्ही हुंड्यासाठी नाही लिहून राहिले. मी वाचीन म्हणून लिहून राहिले.”

“मंग काय झालं? लिहिलं ते खोटं हाये काय?”

“खरं हाये. म्हणूनच तर. फळ्यावर लिहायले फक्त खडू लागते. हेच तुमच्या बाबांना सांगा, अन् मग आमच्या घरी येऊन माह्या बाबांसमोर बोला. रेघेचं मंग पाहू.”

तिचा ‘पाहू’ मी माझ्याजवळच ठेवतो. त्यात कोणाचा वाटा नाही.

कलम ५. काल बाबांना सांगितलं, माझ्या लग्नात सोनं नाही, सायकल नाही, घड्याळ नाही. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी मात्र म्हणाले, “रामाजीसमोर आवाज चढवजो नको. जावई व्हायले चालला, भांडाले नाही.” हा सल्ला मी सोबत घेऊन जातो.

वच्छला नाही म्हणाली तरी हुंड्याचं वाक्य मी मागे घेणार नाही. लिहिलं होतं तिच्यासाठी; आता ते माझं झालं आहे.

साक्षीदार: रघुनाथराव, ग्रंथपाल (चष्मा लावून दोनदा वाचलं). वसंत, शेजारी (ऐकून सही केली).

लिहून देणार: देवीदास भिवाजी सोमकुवर
सौंसर, रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९८६

शाई वाळली आहे. लोधीखेड्याची बस लागली असेल. कागद टेबलावर ठेवतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.