खिडकीसाठी अठरा सह्या

प्रिय ताई,
तुला आणि भाऊजींना नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे, खोकला थोडासाच. आईचा गुडघा कसा आहे?

जेवणाच्या सुट्टीत आम्ही शिवणकामाच्या बायका मोबाइलवर एक विनोदी मालिका बघतो. त्यातली बसडेपोची कारकून बाई, सगळे हसले तरी हाती घेतलेलं काम तडीस नेतेच. तिला बघून मलाही जोर चढला. आमच्या शेडची एकुलती खिडकी खिळे मारून बंद केलीय. ती उघडावी म्हणून मी अर्ज लिहिला, अठरा जणींच्या सह्या घेतल्या आणि साहेबांपुढे ठेवला.

त्यांनी तो नीट वाचला. म्हणाले, "अक्षर सुंदर आहे, बाई. पण पुढच्या महिन्यात शेडच बंद होतेय."

परत आले तर सगळ्याजणी मशीन थांबवून माझ्याकडे बघत होत्या. साहेबांचं बोलणं मी त्यांना सांगितलं. मग आमच्यातली थोरली, जिला आम्ही मावशी म्हणतो, ती पक्कड घेऊन उठली आणि एकेक खिळा उपटून काढला.

"महिनाभर तरी नीट श्वास घेऊ," म्हणाली.

दुसरं काम मिळेलसं वाटत नाही, ताई. आईला यातलं काही सांगू नकोस. एवढंच सांग, की कामावर आता छान वारा येतो.

तुझीच,
धाकटी