फाटक्या जाळीवरचा बोर्ड

रविवार, संध्याकाळ. कोपरखैरणे.

सोसायटीच्या ट्रॅम्पोलिनवर तो बोर्ड मीच बांधला होता. सेक्रेटरी ना मी! 'स्वतःच्या जबाबदारीवर खेळावे. इजा झाल्यास सोसायटी जबाबदार नाही.' आणि बांधला कुठे, तर बाजूची जाळी फाटली होती बरोब्बर तिथे. भोक झाकलं जाईल म्हणून. काय डोकं चालवलं होतं मी! परवा दुसऱ्या मजल्यावरची सई उडी मारताना बोर्डासकट त्याच भोकातून पेव्हर ब्लॉकवर पडली. मनगट मोडलं.

आज मीटिंगमध्ये पाटील वकील म्हणाले, "बोर्ड होता ना वहिनी? मग कसलं टेन्शन घेता?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सईची आई मांडीवरचा एक्स-रे पुन्हा पुन्हा बघत होती. ते मला बघवेना. उठले, खालून बोर्ड आणला आणि टेबलावर ठेवला. म्हटलं, "याच्यामागे भोक होतं. मला माहीत होतं."

वकिलांनी कपाळाला हात लावला. आता नोटीस येणार, असंच मला वाटलं. पण सईची आई म्हणाली, "हेच कुणीतरी बोलावं एवढंच वाटत होतं. जाळी कधी बदलताय?"

नवी जाळी येईपर्यंत ट्रॅम्पोलिन बंद. सईच्या दवाखान्याचा खर्च सोसायटी करणार.

मघाशी सई घरी आली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये. बोर्ड उलटा करून कोऱ्या बाजूवर डाव्या हाताने तिने लिहिलं, 'एका वेळी एकच जण.' अक्षर पार वाकडंतिकडं. मग मार्कर माझ्यापुढे धरला. "काकू, जबाबदार कोण ते तुम्ही लिहा."

लिहिलं. माझं नाव, फ्लॅट नंबरासकट.