दहापैकी साडेसहा

प्रभादेवी, मुंबई
९ फेब्रुवारी

ती. चंपाताईस,

साष्टांग नमस्कार घालायला डॉक्टरांची मनाई आहे. नवा गुडघा अजून नव्वद अंशांच्या पुढे वाकत नाही, तेव्हा हा नव्वद अंशांचा नमस्कार गोड मानून घे. भाऊजींची साखर कशी आहे? तुझी कंबर कशी आहे? (‘बरी आहे’ असं लिहू नकोस. ते उत्तर मी हल्ली स्वीकारत नाही. का, ते पत्र संपेपर्यंत कळेल.) देवगडला कलमांना मोहोर चांगला धरला असेल, असं समजते.

तू फोनवर विचारलंस, ऑपरेशन कसं झालं, आणि मी म्हटलं, झालं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. तू मधेच ‘हो का’ म्हणतेस आणि माझा धागा तुटतो. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात (नाव लिहीत नाही, शेवटी त्यांनी मला चहा पाजला आहे) गेल्या महिन्यात माझा डावा गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे भूल उतरून आपला पाय कुणीतरी लोखंडी दारात चेमटून ठेवला आहे असं मला वाटत असताना, आकांक्षा नावाची एक तरुण डॉक्टर कागद लावलेली फळी घेऊन आली. ती दुखण्यावर संशोधन करते. म्हणजे ते बरं करण्यावर नव्हे, आधी मोजण्यावर. तिने गोड आवाजात विचारलं, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं.

आता तुला माझी शाळा ठाऊक आहे. बाबांनी तुला गिरगावातल्या मराठी शाळेत घातलं आणि मला कॉन्व्हेंटात, कारण त्यांना दोन मुलींवर दोन प्रयोग करून बघायचे होते. आमच्या सिस्टर दहापैकी दहा फक्त देवाला देत. नऊ संतांसाठी राखीव, आठ स्वतः सिस्टरना, आणि व्याकरण, अक्षर, वागणूक सगळं निर्दोष असलेल्या मुलीला साडेसहा. साडेसहा मिळाले की मी घरी पेढे मागायचे. तेव्हा कळवळत असतानाही मी आकांक्षाला अगदी प्रामाणिकपणे साडेसहा सांगितले. तिने ‘मध्यम’ असा शेरा मारला आणि मला तापावर देतात ती पांढरी गोळी मिळाली. सातला इंजेक्शन होतं. अर्ध्या मार्कानं गेलं. (विमा कंपनीत एकतीस वर्षं मी लोकांचे अर्ज असल्याच अर्ध्यामुर्ध्या कारणांनी परत पाठवले. ते सगळे अर्जदार त्या दिवशी खाटेभोवती उभे राहून हसत होते.)

पण मी माझं रडगाणं गात नाही. शेजारच्या खाटेवर गंगूबाई तांबे होत्या. गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या, नायगावच्या चाळीत जन्म काढला. चाळ पाडायला घेतल्यावर संक्रमण शिबिरात गेल्या आणि तिथल्या गुळगुळीत फरशीवर पहिल्याच आठवड्यात नडगी मोडून घेतली. नडगीत सळी घातलेली. त्यांच्यासाठी आकड्यांऐवजी चेहऱ्यांचा तक्ता होता. सहा गोल चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका. आपला कुठला, ते बोटानं दाखवायचं. गंगूबाई रोज हसऱ्यावर बोट ठेवत. रोज शून्य. आकांक्षा खूश होऊन पुढे गेली की उशीचं टोक दातात धरत. चौथ्या दिवशी न राहवून मी विचारलं, तुम्ही त्या मुलीला खोटं का सांगता? बाई चकित होऊन म्हणाल्या,

“अवो, ती एवढ्या मायेनं विचारते कुठला पायजे म्हणून. रडका कोण घेईल?”

चंपाताई, चार दिवस त्या बाईंनी हसरा चेहरा मागितला आणि चार दिवस त्यांच्या कागदावर शून्य पडलं.

मी हे आकांक्षाच्या कानावर घालणार, तोच ती दुसरं पान घेऊन हजर. त्यावर दुखण्याचे प्रकार होते, इंग्रजीवरून मराठीत आणलेले. कुणी आणले ते विचारू नकोस, बहुधा माणसानं नसावेत. ‘कंटाळवाणी वेदना.’ ‘गोळी मारणारी वेदना.’ ‘कोमल वेदना.’ (कोमल! मला वाटलं, पुढे हिरमुसलेली आणि मग लाजाळू असेल.) गंगूबाईंनी कंटाळवाणीला हो म्हटलं, खाटेवर करमतंय कुणाला. गोळीला घाबरून नको म्हटलं, गोळी कुणी मारली नाही, मी घसरले, पोलिसात नाव देऊ नका. मग ‘धडधडणारी वेदना’ आली. त्यावर त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि होय म्हणाल्या.

धडधड म्हटल्याबरोबर धावपळ झाली. हृदयाचं यंत्र ढकलत आणलं, बाईंच्या छातीला वायरी लावल्या, लांबलचक पट्टी निघाली. हृदय उत्तम. मोठे डॉक्टर आले, पट्टी पाहिली, शून्यांची रांग पाहिली आणि म्हणाले, हृदय ठीक, दुखणं नाही, उद्या घरी. ते वळले तेव्हा गंगूबाई कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या,

“काळीज नाय धडधडत बाय. पाय ठणकतोय.”

ठणकतोय! तुझ्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं ते आठवतं? आईनं नुसतं विचारलं होतं, दुखतंय की ठणकतंय? तू ठणकतंय म्हणालीस आणि ती उठून पोटीस करायला गेली, कारण ठणकतंय म्हणजे आत पिकलंय. हे आपल्याकडे पोराटोरांना कळतं आणि त्या आख्ख्या छापील कागदावर तो शब्द नव्हता, इंग्रजी ‘थ्रॉबिंग’चं तिथे धडधडणारी झालं होतं. मी उठले. फिजिओथेरपीवाली दोन दिवस विनवत होती तेव्हा न उठलेली मी, वॉकर धरून दारापर्यंत गेले आणि मोठ्या डॉक्टरांची वाट अडवली. ते म्हणाले, आजी, तक्त्यावर शून्य आहे. मी म्हटलं, ते शून्य तुमच्या प्रश्नाला मिळालेलं आहे, त्यांच्या पायाला नव्हे. या बाईंना ठणका लागला आहे. पायाची पट्टी सोडा.

सोडली. टाक्यांखाली पू धरला होता. अजून दोन दिवस आणि तेही शिबिराच्या पाचव्या मजल्यावर गेले असते तर पुढे काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं, मी लिहीत नाही. त्याच संध्याकाळी जखम उघडून साफ केली. सळी राहिली, पाय राहिला. आणि माझ्या कागदावर आकांक्षाने लिहिलं, ‘रुग्ण आधाराने वीस पावले चालली.’ आधारानं नव्हे, संतापानं. पण त्याचा रकाना नाही.

मग काय, पुढचे तीन दिवस आमच्या दोन खाटांमधे कचेरी भरली. आकांक्षा खाली मान घालून लिहीत होती, गंगूबाई सांगत होत्या, मी शुद्धलेखन बघत होते. कळ येते आणि जाते, रग येते आणि बसून राहते. सणक पाठीतून निघून पोटरीत उतरते. जखम चरचरते, भाजलं की भगभगतं, आणि ठणक्याला नाडीसारखा ठेका असतो. गिरणीत आठ तास उभं राहिलेल्या बाईला रगेवर कुणी शिकवावं? कागद नवा छापून झाला. वरच्या ओळी माझ्या आहेत: ‘हे मार्क नव्हेत, हात राखून देऊ नका. चेहरा हवा तो दाखवू नका, आहे तो दाखवा.’ गेल्या गुरुवारी डॉक्टरांच्या सभेत मला तो वाचून दाखवायला बोलावलं. पन्नास डॉक्टर ऐकत होते. तळाशी छापलंय, भाषासाहाय्य: गंगूबाई तांबे, सीमा धुरी. (त्यांचं नाव आधी, मीच सांगितलं.) मराठी बोलली म्हणून जिला सिस्टरनी तासभर व्हरांड्यात उभं केलं होतं, तिच्या मराठीला टाळ्या पडल्या. बाबांचा प्रयोग असा उशिरा का होईना, यशस्वी झाला.

कळावे. भाऊजींना नमस्कार, तोही नव्वद अंशांचाच.

तुझी धाकटी,
सीमा

ता. क. तुमच्याकडचे दुखण्याचे मालवणी शब्द असतील ते लिहून पाठव. आकांक्षाला हवे आहेत. शेजारणींना विचार, पण ‘कुठला हवा’ असं विचारू नकोस.

ता. क. उजव्या गुडघ्याची तारीख मिळाली आहे, २६ फेब्रुवारी. तू यायची काही गरज नाही. मला आता सगळं माहीत आहे, सगळे ओळखतात, चहासुद्धा मिळतो.

ता. क. काल तपासणीला गेले तेव्हा आकांक्षाने भीतीचाही तक्ता आणला होता, शून्य ते दहा. मी साडेसहा सांगितले. त्या बिचारीनं कागदावरच्या, मीच लिहिलेल्या वरच्या ओळींवर नुसतं बोट ठेवलं. तेव्हा तुला खरा आकडा कळवते: दहा. सिस्टरना वर कळलं तरी चालेल. पंचवीसला येऊन पोच.