गाडी बंदच होती!

तीर्थस्वरूप दादांना, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? आणि तुमच्या कानातलं ते यंत्र अजून शिट्ट्या मारतं का? फेकून द्या. म्हातारपण असं कानात मिरवू नये.

माझ्याविरुद्धची तक्रार तुमच्यापर्यंत पोचली असेलच, म्हणून खरं काय ते लिहितो. ही आणि जावईबापू मला गोड बोलून गाड्यांच्या शोरूममध्ये घेऊन गेले. (आपली जुनी गाडी विकायचा कट. मी जिवंत असेपर्यंत विकणार नाही.) किंमत ऐकून मी खालीच बसलो. जेवढ्यात मी गाडी घेतली, गॅरेज टाकलं आणि लग्नही उरकलं, तेवढ्यात आता पुढचा दिवा येतो, तोही एकच. आत टीव्ही, मागे कॅमेरा, आणि क्लचच गायब, म्हणजे डावा पाय बेकार! सेल्समन उगाच ओरडून म्हणाला, इंजिन चालू आहे. हे मला सांगतो? चाळीस वर्षं मी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून गाड्यांची दुखणी ओळखतोय. बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर लावला. चिडीचूप. गाडी बंद आहे, मी जाहीर केलं. जावई कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, चालू आहे हो." (त्याला काय कळतंय? दातांचा डॉक्टर तो.) मग मी आत बसून गिअरचा दांडा खालीवर केला. बंद गाडीचा ॲक्सिलरेटर दाबायला कुणाच्या बापाची भीती? दाबला. गाडी सुटली ती थेट मॅनेजरच्या टेबलाकडे. मॅनेजर खुर्चीवर चढला, आणि टेबल वीतभर राहिलं असताना गाडीने स्वतःच ब्रेक मारला. मी मारला नव्हता! आयुष्यभर गाड्या मी थांबवल्या, आणि ही मला थांबवणार? असली मुकी आणि आगाऊ गाडी फुकट दिली तरी नको, असं तिथेच सांगून आलो.

तेव्हापासून चार दिवस हिने अबोला धरलाय. धरू दे. मी नमायचा नाही.

तुमचा,
धाकटा

ता.क. पत्र पाकिटात घालण्याआधी आपली जुनी गाडी सुरू करून तिलाही स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला. तीही चिडीचूप. बंद आहे असं समजून पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली, तर शेजारी कानांवर हात ठेवून गॅलरीत आले. हिने येऊन किल्ली काढून घेतली आणि पेपरच्या कडेला लिहून दाखवलं, "किती हाका मारायच्या?" दादा, अबोला नव्हता हो. चार दिवस ती बोलतच होती.

ता.क. २. यंत्र फेकू नका. कुठून घेतलं ते कळवा. गाडी विकणार नाही ती नाहीच. आणि हो, फोन नको, पत्रच पाठवा.