हसऱ्या चेहऱ्याचा अंदाज

गुरुवार, दुपार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इथे दरवेळी मी ‘आम्ही दोघं मजेत आहोत’ असं लिहितो. आज तेवढं वाक्य गाळून पुढे जातो.

तुला रोज टीव्हीवर हवामान सांगताना बघतो. परवाचा निळा रंग शोभला तुला. इथली हवा मी काय सांगणार, तूच आम्हाला सांगतेस. थंडी सरली, उन्हाला अजून धार नाही, आणि दुपार कलली की मैदानाच्या पार टोकाला ढग उभे राहतात. लाँड्री चालू आहे, पण लॉजच्या चादरी या आठवड्यात बाहेर धुवायला दिल्या. इस्त्रीवाले काका मदतीला येतात. त्यांची जीभ तुला ठाऊकच आहे. सध्या तेही मान खाली घालून नुसती इस्त्री फिरवतात.

तू फोनवर विचारतेस, ‘आई का येत नाही बोलायला?’ परवा मी म्हणालो, आंघोळीला गेलीय. काल म्हणालो, झोपलीय. तू चिडलीस. ‘बाबा, आई माझ्यावर रुसलीय का?’ तेव्हा ती माझ्या शेजारी बसून गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटण लावत होती. ‘झोपलीय’ म्हणून गेलो आणि दचकून तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. तिच्यादेखत मी धडधडीत खोटं बोललो आणि तिला ते ऐकूच आलं नाही. म्हणून आज लिहायला बसलो. फोनवर सांगायला गेलो तर मला बोलता येणार नाही.

बाळ, तुझ्या आईला ऐकू येत नाही.

घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण अजून मीच सावरलेलो नाही. जिवाला धोका नाही. डावा तळहात भाजलाय, तो भरून येतोय. डॉक्टर म्हणतात, एका कानाला थोडंफार ऐकू येईल, दुसऱ्याचं सांगता येत नाही.

गेल्या शुक्रवारी दुपारी मागच्या मैदानात वीज पडली, आपल्या वाळवणाच्या तारांच्या पलीकडच्या लोखंडी खांबावर. आई अलीकडच्या टोकाला ओली चादर तारेवर टाकत होती. शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, वीज आधी दिसते आणि मग ऐकू येते. त्या दिवशी आधी आणि मग असं काही नव्हतंच. मी दारात उभा होतो. सगळं पांढरं झालं. दिसायला लागलं तेव्हा बाकीच्या चादरी जागच्या जागी वाळत होत्या, आणि आई कुठेच नव्हती. हातातल्या चादरीखाली पडली होती ती. काकांनी आणि मी उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाली माहीत आहे? ‘अहो, नुसते ओठ काय हलवताय? बोला की!’

मी ओरडत होतो गं. ओरडून ओरडून माझा घसा बसला होता.

आता तू म्हणशील, ‘मी आदल्या दिवशी सांगितलं होतं ना?’ सांगितलं होतंस. मैदानी भागात दुपारनंतर विजांसह पाऊस, उघड्यावर थांबू नका, लोखंडी खांबांपासून लांब राहा. सगळं सांगितलं होतंस.

पण आईने तुझे शब्द कधी ऐकलेच नाहीत. ती तुझा चेहरा बघायची. ‘शब्द काय, कुणीही लिहून देतं. तोंड तिचं स्वतःचं आहे,’ असं म्हणायची. पावसाचं सांगताना तुझ्या कपाळाला बारीक आठी पडायची. ती दिसली की चादरी आत. सकाळी काका गल्लीतून हाक मारायचे, ‘वहिनी, वेधशाळा काय म्हणतेय?’ आणि ही ऐटीत, ‘घाला बिनधास्त! लेक निवांत आहे.’ अख्खी गल्ली तिच्या भरवशावर कपडे वाळत घालायची, आणि ती चुकली असं मला तरी आठवत नाही.

त्या आदल्या संध्याकाळी तू विजांचं सांगितलंस आणि हसलीस. तुमच्या चॅनेलच्या साहेबांनी हसत सांगायला लावलं असेल. मी म्हणालो, ‘अगं, वादळ म्हणतेय ती.’ आई म्हणाली, ‘मला नका शिकवू. पोटच्या पोरीचं तोंड मला वाचता येतं. हसतेय ती.’

मी पुढे वाद घातला नाही. तिच्या वाचण्यावर माझाही तितकाच भरवसा होता.

हे तुला कळवावं की नाही, देवापुढे बसून विचारलं. आईने तर शपथ घातली होती, ‘पोरीला कळता कामा नये, नोकरी सोडून बसेल.’ ती शपथ मी पाळणार होतो. पण काल संध्याकाळी तू पडद्यावर आलीस, तशीच हसत. आई कितीतरी वेळ तुझ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘काय म्हणाली ती?’

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

मी ओठ ठळक हलवून सांगितलं, ‘ऊन. उद्या ऊन.’ तिने पुन्हा एकदा तुझ्याकडे पाहिलं, उठली, आणि बाहेर वाळत असलेले माझे दोन शर्ट आत घेऊन आली. ती वीज मी डोळ्यांनी पाहिली, पण तेव्हाही असा मुळापासून हललो नव्हतो.

नोकरी सोडू नकोस. तू खरं तेच सांगितलंस. तुला कोणी दोष देत नाही, आई तर नाहीच नाही. पण निघून ये. हे पत्र तिकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, उद्या मिळेल. येताना वाटेत डोळे पुसत, स्वतःला सावरत बसू नकोस. आम्हाला धीर द्यायला म्हणून दारात हसू नकोस. रडू आलं तर रड. राग आला तर माझ्यावर काढ. तुझ्या तोंडावर जे असेल ते तिला तसंच दिसू दे. तिला ते पुन्हा खरं वाटलं पाहिजे.

तुझ्या आईची शपथ मोडून, तुझी वाट बघत बसलेला,
बाबा