धूळ बसलेली जाळी

७ सप्टेंबर, रविवार

विश्वजीत आणि आभा येऊन गेले. सूनबाईंनी चपला काढायच्या आधी वर पाहिलं. देवाकडे नाही — टीव्हीच्या वरच्या कोपऱ्याकडे.

"आई, जाळी!"

"आहेत. आणि त्यांत राहणारेही आहेत."

"पेस्ट कंट्रोलवाला पाठवू?"

नको म्हटलं. उलव्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तो नेमाने येतो, आणि डास त्याच्याहून नेमाने येतात. चारी बाजूंनी बांधकामं, खड्ड्याखड्ड्यांत पाणी. माझ्याकडे मच्छरदाणीसुद्धा नाही. कोळी डास खातात, मी कोळ्यांना राहू देते. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि जन्म बँकेत काढला. डिग्रीचा उपयोग झाला तो एवढाच.

निघताना विश्वजीत म्हणाला, "तुझ्या खोलीला रंग दिलाय आई. कधीही ये." कधीही म्हणजे दिवाळीनंतर लगेच, हे आभाच्या चेहऱ्यावर वाचता आलं. तरुण बाईच्या घरात जाळं दिसलं तर ती कामात असते. माझ्या वयाच्या बाईच्या घरात दिसलं तर तिला घर झेपत नाही. हे घर मी सोडणार नाही. कृष्णकांत गेले तेव्हाही सोडलं नाही.

८ सप्टेंबर

आभाला फोन करून नीट समजावलं. चकचकीत, ताणलेलं, फुंकर मारली की मालक धावत येतो — ते जाळं. राहणार. धूळ बसली, सैल लोंबायला लागलं — ते जळमट. मालक कधीच सोडून गेलेला असतो. काढायचं. काठीला झाडणी, झाडणीवर ओलं फडकं, म्हणजे धूळ डोक्यात पडत नाही. चुकून कुणी आत असलाच तर त्याच्यावर वाटी पालथी, खालून जाड कागद, आणि रवानगी बाल्कनीत.

"माझ्या घरात धूळ बसलेलं एक जाळं दाखव," म्हटलं.

टीव्हीवरची कोळीण तर आदर्श. बघावं तेव्हा जागेवर. बँकेत इतक्या वर्षांत असं माणूस मला मिळालं नाही.

११ सप्टेंबर

झुबेदा चहाला. समोरच्याच दारात राहते. खलीलभाई गेल्यापासून तीही एकटी. चार पावलं चालून यायचं, तरी हातात छत्री. वय झालं, दुसरं काय. आणि चहाचे नखरे! मी आत गेले की बाहेरून हुकूम — "वहिनी, आलं किसून घाला हां, ठेचून नको!" किसणी धुवा, आलं सोला. दहा मिनिटं जातात.

कोळी तीही मारत नाही. "आमच्यात मकडीला हात लावत नाहीत. तिने गुहेच्या तोंडावर जाळं विणलं म्हणून पैगंबरसाहेब वाचले. पण घरात जाळं ठेवायचं नाही, बरकत जाते."

"मग तुझ्या घरातले कोळी जातात कुठे?"

तिने कपातून डोकं वर काढलं नाही. "तुमच्या बाल्कनीत. तुमच्याकडे त्यांची सोय होते ना."

तरीच!

१४ सप्टेंबर

झुबेदा उद्या मुलाकडे, अझहरकडे, मस्कतला जाणार. महिनाभर. बरं झालं. आलं ठेचून घालता येईल.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

उद्या घट बसतील. आमच्याकडे घट बसले की नऊ दिवस छताला झाडू लावत नाहीत, म्हणून आज सगळं घर मान वर करून पाहिलं. एकही जळमट नाही. मला आश्चर्य वाटलं नाही.

चहा ठेचलेल्या आल्याचा केला. चव तीच. तरी अर्धा ओतला.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला दोघं आले. आभा स्टुलावर चढली आणि पंख्याच्या बाजूच्या जाळ्यावर बोट फिरवलं.

"आई, यावर धूळ आहे."

"घट बसले होते. नऊ दिवस आपण वर झाडू लावत नाही."

"नऊ दिवसांत जाळं होतं आई. एवढी धूळ बसत नाही. तुम्हीच सांगितलंत."

मी सांगितलं होतं. फोन करून, नीट समजावून!

उजेड कमी आहे म्हटलं, ट्यूब लावली. तरी दिसेना. मग विश्वजीतने माझा हात धरून वर नेला. बोटांना लागलं — जाड, मऊ, काळपट. पडद्यावर एक. कपाटावर एक. देवाच्या फळीवर!

"तुला दिसली नाहीत का?" अगदी हळू विचारलं त्याने. ओरडला असता तर बरं झालं असतं, उलट ओरडता आलं असतं.

दिवाळीनंतर उलवे. ठरलं म्हणे.

३ ऑक्टोबर

झोप नाही. मला दिसत नाही, हे मान्य. पण हे काही पंधरा दिवसांत झालं नसणार. मग इतके दिवस घर स्वच्छ कसं होतं? आभा तर गेल्या खेपेला ताज्या जाळ्यांवरच घसरली होती.

६ ऑक्टोबर

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी विचारलं, "धूसर कधीपासून दिसतं?" मी म्हटलं, "मला वाटलं पनवेलची धूळ." ते हसले. मी विनोद केला नव्हता.

विश्वजीतला सांगितलं — आधी डोळा, मग खोली. दिवाळीला येऊन तपासा. एक धूळ बसलेलं जाळं सापडलं तर मी स्वतः बॅग भरीन.

१० ऑक्टोबर

पट्टी काढली. केवढा हा उजेड! भिंतींचा रंग मी समजत होते तो नाहीच.

टीव्हीवरची कोळीण खिळा आहे. कृष्णकांतनी कॅलेंडरसाठी ठोकलेला, त्याला काळ्या दोऱ्याचं टोक. मी त्याला फुंकर मारत होते. हललं नाही की म्हणायचे, काय शिस्त!

हे आभाला कळता कामा नये.

१७ ऑक्टोबर

झुबेदा परत आली. खांदा धरलाय, हात डोक्याच्या वर जात नाही. मी तिला बसू दिलं आणि सरळ विचारलं. "जाळी तू काढत होतीस?"

आधी खजुराचा डबा पुढे केला. मग कबूल. "तुम्ही आलं किसायला आत जायचात. छत्रीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचे. मकडी एकही मारली नाही हो, कसम से."

"मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असतात. वहिनी, पोराने बघितलं असतं तर तुम्हाला उलव्याला नेलं असतं. मग मी चहा कुणाकडे प्यायचा? त्या लिफ्टवाल्याकडे?"

मी तिला खडसावलं. दुसऱ्याच्या घरात परस्पर झाडू चालवणं म्हणजे ढवळाढवळ. दुसरा माणूस आंधळा समजून वागणं म्हणजे अपमान. पुन्हा चालणार नाही.

"बरं," म्हणाली. मग मी आत जाऊन आलं किसलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

तपासणी झाली. धुळीचं एकही नाही. आभाने पडद्यामागचं चकचकीत जाळं शोधलं, शंका नको म्हणून फुंकर मारली. मालक धावत आला. ती किंचाळली. मी लाडू पुढे केले.

विश्वजीत जाताना म्हणाला, "खोलीत तोपर्यंत इस्त्रीचं टेबल ठेवतो." ठेव म्हटलं. चांगलं मोठं ठेव.

४ नोव्हेंबर

अझहर शुक्रवारी येतोय. अम्मीला कायमचं मस्कतला नेणार म्हणतो — एकटीला घर झेपत नाही.

आज चहाला मी तिच्याकडे गेले. चार पावलं, बाहेर लख्ख ऊन, तरी छत्री घेतली. झुबेदा चहा टाकायला आत गेली. मी वर पाहिलं. पिशवीतून ओलं फडकं काढलं.

"आलं किसून घाल गं!" मी ओरडले. "ठेचून नको!"